‘कोंडुरा’ आंध्रात गेला याचे मला दुःख नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठी कादंबऱ्यांवर निघालेल्या चित्रपटांविषयीचा लेख वाचला. त्यात चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’वर एक परिच्छेद आहे. श्याम बेनेगल यांनी ही कादंबरी उचलून आंध्रात नेली, कोकणाचा मागमूस ठेवला नाही आणि तिथेच कादंबरीचा जीव गेला, असे लेखकाचे म्हणणे आहे. मी वेंगुर्ले तालुक्यात राहते. वायंगणीजवळचा कोंडुऱ्याचा किनारा आमच्या घरापासून लांब नाही. म्हणजे खरे तर मीच या मताला आधी मान डोलवायला हवी. पण मला तसे वाटत नाही. का वाटत नाही ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

मी आरोग्यसेविका म्हणून पस्तीस वर्षे नोकरी केली. गावात मला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. नर्सबाई म्हणत, नाहीतर नुसते बाई. १९८० साली रुजू झाले तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. उपकेंद्र म्हणजे भाड्याच्या घराची पडवी आणि आतली एक खोली. पडवीत टेबल, वजनकाटा आणि औषधांचे कपाट, आत माझी वळकटी आणि स्टोव्ह. वीज होती, पण मिरग लागला की चार-चार दिवस जायची. संध्याकाळनंतर कोणी येण्यासारखे नसायचे, आणि आले तर अडलेल्या बाळंतिणीसाठीच यायचे. त्या पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात मी कंदिलाच्या उजेडात पुष्कळ वाचले. गावातले एक शिक्षक तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तके आणत आणि वाचून झाली की माझ्याकडे देत. त्यात ‘कोंडुरा’ आली.

कादंबरी १९६६ ची. माझे माहेर कुडाळचे. खानोलकरांची खानावळ कुडाळात होती हे मी थोरांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेले. तोच माणूस ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहितो हे मात्र पुष्कळ उशिरा कळले. त्यामुळे पुस्तक हातात घेताना आपल्याच माणसाने लिहिलेले पत्र उघडावे तसे वाटले होते.

वाचताना काय झाले तेही सांगते. आमच्याकडे पावसाळ्यात समुद्राची गाज दोन कोस आतपर्यंत येते. दिवसा माणसांच्या गडबडीत लक्षात येत नाही, रात्री मात्र घराच्या भिंतीतून आल्यासारखी ऐकू येते. म्हातारी माणसे म्हणत, “दर्यो गाजता, पाऊस इलो.” कोंडुऱ्याला डोंगर सरळ समुद्रात उतरतो, खडकांच्या घळीत लाट शिरते आणि आतून जो आवाज निघतो तो पाण्याचा वाटतच नाही. मी वाचत होते आणि बाहेर गाज चालू होती. पुस्तकातला कुठला आवाज आणि बाहेरचा कुठला, हे काही वेळाने मला वेगळे करता येईना. कादंबरीच्या नायकाला, परशुरामाला, कोंडुरा महाराज खरोखर भेटतो, की परशुरामाच्या दुखावलेल्या मनानेच त्याला उभा केला, हे ठरवायची गरजही वाटली नाही. भीती वाटली, एवढे आठवते. आणि परशुरामाची दया आली. घरच्या अपमानाने बाहेर पडलेला माणूस. त्याला एक मुळी मिळते, गर्भ पाडणारी. आणि अट ही की आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळायचे. त्या वयात मला ती सगळी त्या एका पुरुषाची परीक्षा वाटली. मुळी ज्यांच्या पोटात जायची त्या बायका मला दिसल्याच नाहीत. मी नर्स होते, तरी दिसल्या नाहीत.

त्या दिसल्या पुढच्या वर्षी.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर बसले आणि त्यातले कितीतरी आमच्या घरांतले होते. काही शिमग्याला आले ते परत गेलेच नाहीत. काही मुंबईतच पडेल ते काम शोधत राहिले. गावाला मनीऑर्डर यायची बंद झाली. माझ्या नोंदवहीत त्या वर्षीच्या गरोदर बायकांपुढे नवऱ्याच्या धंद्याच्या रकान्यात मी ‘गिरणी (संप)’ असे लिहीत असे.

श्रावण संपत आला होता. रात्री दहाच्या सुमारास एका घरचा मुलगा बॅटरी घेऊन आला. त्याची वहिनी अंगावरून जाऊन निपचित पडली होती. मी गेले तेव्हा खाटेखालची जमीन ओली होती. कोपऱ्यात सासू बसलेली, दारात वैजीण उभी. वैजीण माझ्याकडे बघेना, तेव्हाच मला कळले. कुठली मुळी, किती वेळ, कोणी दिली, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. पोरीच्या अंगात फणफणून ताप होता आणि नाडी बोटाखाली धरून ठेवता येत नव्हती.

खाडीवर तेव्हा पूल नव्हता. लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले, तिला त्यात बसवले आणि चार माणसांनी उचलून पाणंदीने धक्क्यापर्यंत नेले. होडीतून पलीकडे. तिथे आरोग्य केंद्राची जीप येईपर्यंत दीड तास गेला. जीपमध्ये तिचे डोके माझ्या मांडीवर होते. मध्येच ती शुद्धीवर आली आणि तिने मला सांगितले, तुटक-तुटक. नवरा शिमग्याला येऊन गेला होता ते घरात सगळ्यांना ठाऊक होते. पण मे महिन्यात भावाच्या लग्नासाठी ती माहेरी गेली होती, तेव्हा तो रात्रीच्या एसटीने गुपचूप आला. दोन रात्री राहिला. तिच्या हातातल्या दोन बांगड्या मुंबईला नेऊन गहाण ठेवायच्या होत्या. आईला कळले तर ती ऊर बडवील, सांगू नकोस, असे म्हणून गेला. तिने सांगितले नाही. सासूने शिमग्यापासून महिने मोजले तर पाचवा यायला हवा होता. वैजिणीने हात लावून तिसरा सांगितला. घराने एवढ्या हिशेबावर निकाल दिला.

“माका कोणी विचारूकच नाय, बाई,” ती म्हणाली.

ती वाचली. गर्भपिशवी काढावी लागली. संप मोडला, नवऱ्याची नोकरी गेली, तो गावाला येऊन बसला, आणि बांगड्यांची गोष्ट त्याने सगळ्यांसमोर कबूल केली. पण त्या बाईला पुढे मूल झाले नाही. आज ती हयात नाही, म्हणून एवढे लिहिते. गाव आणि घर मी मुद्दाम सांगत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवते. ‘कोंडुरा’ लिहिली गेली तेव्हा गर्भपात हा आपल्याकडे गुन्हा होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. म्हणजे त्या श्रावणातल्या रात्री कायद्याला दहा वर्षे झालेली होती. मला स्वतःला गर्भपात करण्याचा अधिकार नव्हता. डॉक्टरकडे पाठवणे हे माझे काम. मी घरोघर जाऊन सांगतही असे. पण माझे सांगणे सासूच्या कानावर पडायचे, सून आतल्या घरात असायची. तिला मूल नको असते तर कायदा तिच्या बाजूने उभा राहिला असता. इथे तर तिला मूल हवे होते. त्यासाठी कुठल्या कायद्याची गरज नव्हती. कोणीतरी तिला विचारायला हवे होते, एवढेच.

त्यानंतर मी ‘कोंडुरा’ पुन्हा हातात घेतली नाही. शिक्षकांना पुस्तक परत केले होते, आणि विकत घ्यावेसे वाटले नाही.

चित्रपट १९७८ चा आहे, हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम्’. मी तो पाहिला गेल्या दिवाळीत. माझी नात पुण्यात शिकते, तिने हिंदी चित्रपट लॅपटॉपवर आणला होता. चित्र अस्पष्ट, आवाज खरखरीत. मध्ये वीज गेली, पण लॅपटॉप चालू राहिला, आणि अंधारात आम्ही दोघींनी शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी मी एकटीने पुन्हा पाहिला.

पहिल्यांदा माझे मन आपल्या पुरवणीतल्या लेखकासारखेच खट्टू झाले, हे कबूल करते. झाडे आपली नाहीत, घरे आपली नाहीत, बायकांची नेसण आपली नाही. समुद्रसुद्धा पूर्वेचा, जिथे सूर्य पाण्यातून वर येतो. आम्ही तो रोज पाण्यात बुडताना बघतो. त्याहून जास्त खटकले ते कोंडुऱ्याचे दर्शन. अमरीश पुरी समोर उभे राहतात आणि त्यांचा चेहरा, त्यांचा आवाज असा की शंकेला जागाच राहत नाही. कंदिलाच्या उजेडात मला जो नुसता ऐकू आला होता, त्याला असे समोर बघणे मला जड गेले. या बाबतीत कादंबरीच्या पासंगाला चित्रपट पुरत नाही. शब्दांत जी गोष्ट आहे-नाहीच्या मध्ये ठेवता येते ती पडद्यावर माणूस उभा करून ठेवता येत नाही, मग नट कितीही मोठा असो. आपल्या लेखकाने कोकणाऐवजी हा मुद्दा धरला असता तर मी त्यांच्या बाजूने असते.

पण मग स्मिता पाटील येते.

ती जमीनदाराची सून आहे, पार्वती. सासऱ्याची नजर वाईट म्हणून गावात लौकिक. सून गरोदर राहते. परशुरामाला, म्हणजे अनंत नाग यांना, देवीचा दृष्टान्त झालेला आहे. देऊळ उभे करायचे, गाव शुद्ध करायचा, असे त्याने मनावर घेतले आहे. तो पोटातल्या मुलाचा बाप कोण ते स्वतःच्या मनाशी ठरवून टाकतो आणि मुळी वापरतो. चूक त्याला कळते ती सगळे होऊन गेल्यावर. त्या माणसाने देवीचे ऐकले, कोंडुऱ्याचे ऐकले, गावाची कुजबुज ऐकली. जिच्या पोटात मूल होते तिच्यापाशी जाऊन एक प्रश्न त्याने विचारला नाही. पार्वती काय बोलते ते आता मला फारसे आठवत नाही, तिचे बघणे आठवते. मी लॅपटॉप बंद केला तेव्हा माझ्या मांडीवर जीपमधले ते डोके होते.

नात म्हणाली, “आजी, तू रडतेस का?” मी तिला त्या रात्रीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तिच्या आईलाही मी ती कधी सांगितली नव्हती.

स्मिता पाटील गेली १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर पंधरवडाभराने, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्या दिवशी लसीकरणाला आलेल्या बायका पडवीत याच्याशिवाय दुसरे काही बोलत नव्हत्या. एवढ्या मोठ्या शहरात, एवढी मोठी नटी, तरी बाळंतपणात जाते. मग आपले काय, असे एकीने विचारले होते. मी त्यांना काय उत्तर दिले ते आठवत नाही. चित्रपट पाहताना हेही मनात होते, त्यामुळे माझे पाहणे नि:पक्ष आहे असे मी म्हणणार नाही.

दुसरी अनसूया, परशुरामाची बायको. ती भूमिका वाणिश्री यांची. तेलुगूतल्या त्या मोठ्या नायिका. ब्रह्मचर्याची अट कोंडुऱ्याने घातली एकाला आणि ती पाळायची दोघांनी. तिच्या नवऱ्याने ती परस्पर मान्य करून टाकली. माझ्या नोकरीत अशी दोन घरे मी पाहिली आहेत, जिथे नवऱ्याने कुठल्याशा गुरूकडून व्रत घेतले आणि बायकोला ते शेजारणींकडून कळले. कुटुंब नियोजनाच्या पाहणीसाठी गेले की त्या घरातली बाई माझ्या प्रश्नावर नुसती मान खाली घालायची. वहीत काय लिहावे मला समजत नसे. वाणिश्रींना पाहून मला त्या दोघी आठवल्या.

हे सगळे आंध्रातल्या गावात घडताना मी पाहिले आणि मला माझे गाव दिसले. मग कोकण नेमके कुठे हरवले? माड, चिरेबंदी घर आणि लाल माती म्हणजेच कोकण असेल तर हरवले. पण खानोलकरांनी माडाची चित्रे काढण्यासाठी ही कादंबरी लिहिली नव्हती. बेनेगल मूळचे हैदराबादकडचे. ‘अंकुर’ आणि ‘निशांत’ त्यांनी त्याच मुलखात केले. जमीनदार, देऊळ आणि दबलेल्या बायका त्यांना तिथल्या ठाऊक होत्या. जो मुलूख हाडीमाशी माहीत आहे तिथे कथा नेली म्हणून ती खोटी झाली नाही. इथे येऊन त्यांनी परक्यासारखा कॅमेरा फिरवला असता तर समुद्रकिनारा मिळाला असता आणि माणसे निसटली असती.

याला जोड म्हणून ‘चानी’ची आठवण देते. तीही खानोलकरांचीच. १९७७ साली व्ही. शांताराम यांनी चित्रपट केला, रंजना नायिका. तिथे कोकण कोकणच राहिले, भाषा मराठी राहिली आणि गाण्याचे शब्दही आरती प्रभूंचे. मी तो नर्सिंगला जाण्याआधी मैत्रिणींबरोबर पाहिला आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल आम्ही महिनाभर गुणगुणत होतो. चांगला चित्रपट आहे, मला आवडतो. तरी मनात राहिले ते गाणे. ‘कोंडुरा’ मनात राहिला तो वेगळ्या जागी, आणि त्यात माझ्या ओळखीचे एक झाड नव्हते. दोन्ही चित्रपट खानोलकरांना पाहायला मिळाले नाहीत. ते १९७६ च्या एप्रिलमध्ये गेले, सेहेचाळीस वर्षांचे. ‘कोंडुरा’ पाहून ते काय म्हणाले असते हे कोणी सांगू नये. मीही सांगत नाही.

चित्रपटानंतर मी कादंबरी पुन्हा मिळवली आणि मे महिन्यात वाचली. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांनी. या वेळी गाज नव्हती, समुद्र शांत होता, चष्म्याचा नंबर वाढलेला. आणि मला दिसले की १९८१ मध्ये मी ती अर्धीच वाचली होती. खानोलकरांनी परशुरामाला माफ केलेले नाही. मला वाटलेली दया माझ्या वयाची होती, त्यांनी ती मागितली नव्हती. मी ज्या बायकांवरून पुढे गेले होते त्या पुस्तकात होत्या, मीच पान उलटत होते. चित्रपटाने त्यांना चेहरे दिले म्हणून मला पान उलटता आले नाही. म्हणून कादंबरी श्रेष्ठ की चित्रपट, या प्रश्नाला मी असे उत्तर देईन: आवाजासाठी कादंबरीकडे जावे, चेहऱ्यांसाठी चित्रपटाकडे. एकच निवडायला सांगितले तर मी कादंबरीच ठेवीन, कारण मी या किनाऱ्यावरची आहे आणि तो आवाज मला सोडवत नाही. पण चित्रपट पाहिला नसता तर त्या आवाजापलीकडे मी गेले नसते.

आपल्याला दोन विनंत्या. असा चित्रपट आमच्या भागात एखाद्या सभागृहात मराठी अक्षरांसह दाखवता येईल का, याबद्दल आपल्या पत्राने कोणाशी बोलावे. मोठ्या पडद्यावर मी तो पाहिलेला नाही, आणि आमच्या आरोग्य केंद्रांतल्या आताच्या नर्समुलींनी तो पाहावा अशी माझी फार इच्छा आहे. दुसरी विनंती वाचकांना. १९७८-७९ च्या सुमारास हा चित्रपट कोकणात कुठल्या टॉकीजला लागला होता का, हे कोणाला आठवत असेल तर याच सदरात लिहावे. आणि पाहायला बायका गेल्या होत्या का, तेही लिहावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग